गोदाक्काचं सुतक

मालनबाईंनी कुंकू लावलं नाही.

गोष्ट एवढीशीच, पण आशाताईंच्या डोक्यातून ती जाईना. वार गुरुवार, तोही मार्गशीर्षातला. त्या दिवशी मीटर बघायला आलेल्या बाईलासुद्धा लोक हळदीकुंकू लावून हातावर केळं ठेवतात. आणि इथे प्रत्यक्ष होणारी विहीण, म्हणजे आशाताई स्वतः, साखरपुडा तीन दिवसांवर आलेला, कोण कुठे बसणार आणि मुलीच्या ओटीत काय काय घालायचं ते ठरवायला मखमलाबादला जाऊन तासभर बसलेली. ती जशी गेली तशी परत आली.

कुंकवाचं एकच असतं तर आशाताईंनी ते सोडून दिलं असतं. पण परतताना रिक्षात बसल्या बसल्या एकेक गोष्ट जुळत गेली. मालनबाईंच्या घरी, काकडांच्या देवघरात, दिवा नव्हता. गुरुवारचा घट मांडलेला नव्हता, चौरंग भिंतीला उभा टेकवून ठेवला होता. चहाबरोबर मुरमुरे आले ते बिनफोडणीचे, नुसते मीठ लावलेले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, दारातून आशाताई "येते हं" म्हणाल्या तेव्हा मालनबाईंनी "या" म्हटलं नाही. मान खाली घालून उंबऱ्याकडे बघत राहिल्या. मयताच्या घरातून निघताना कोणी "येते" म्हणत नाही आणि घरचे "या" म्हणत नाहीत, हे आशाताईंसारख्या बी.ए. झालेल्या बाईलाही माहीत असतं.

मग गेलं कोण?

मालनबाईंचे यजमान रंगनाथराव समोर बसून मुरमुरे खात होते. हर्षल, म्हणजे होणारा जावई, सातपूरच्या कंपनीत कामावर होता. राहिल्या रंगनाथरावांच्या आई, यशोदाबाई, वय वर्षं शहाऐंशी. मागच्या दोन्ही खेपांना ही म्हातारी सोफ्याच्या कोपऱ्यात बसून "पोरीला सैपाक येतो का" असं विचारत होती. या खेपेला ती दिसली नाही. "आत पडलीये," असं रंगनाथराव म्हणाले आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"म्हातारी गेली," आशाताईंनी घरी येऊन पायातल्या चपला काढायच्या आधी नवऱ्याला सांगितलं. "गेली, आणि यांनी गुपचूप उरकलं. पुढच्या आठवड्यात पौष लागतोय, साखरपुडा पुढे जाईल म्हणून आपल्याला कळू दिलं नाही."

"अगं, शहाऐंशी वर्षांची बाई काय खिशात घालून नेता येते?" सोमनाथराव म्हणाले. "कुंकू विसरल्या असतील."

"ती बाई विसरेल? मालिकेतल्या बाईची टिकली कोणत्या भागात बदलली ते सांगते ती!"

मालनबाईंविषयी आशाताईंचं मत पहिल्या दिवशीच झालं होतं आणि ते चांगलं नव्हतं.

पहिल्यांदा काकड मंडळी मुलगी पाहायला आली तो दिवस. पोहे झाले, चहा झाला, वेदिकाने फार्मसी कॉलेजात काय शिकवते ते सांगितलं. हर्षल शांत मुलगा, विचारलं तेवढं बोलत होता. सव्वाआठ वाजले तशी मालनबाईंची चुळबूळ सुरू झाली. पदर इकडून तिकडे, नजर घड्याळाकडे. आशाताईंना वाटलं, मधुमेह असेल, जेवायची वेळ झाली असेल. शेवटी मालनबाईच म्हणाल्या, "ईनबाई, राग नका मानू, पण तुमच्याकडं साडेआठची लागती का?"

साडेआठची म्हणजे साडेआठची मालिका. तिला नाव होतं, पण मखमलाबादच्या बायका नाव घेत नसत. गावाकडे साडेसातची गाडी म्हणतात तसं. टीव्ही लागला. मुलगी पाहायला आलेली बाई मुलीकडे पाठ करून अर्धा तास टीव्ही पाहत बसली. मधल्या जाहिरातीत तिने मान वळवून वेदिकाकडे नीट पाहिलं आणि निकाल दिला, "बाजूनं ही आपल्या ईश्वरीसारखी दिसती." ईश्वरी म्हणजे मालिकेतली सोशिक सून. मुलगी पसंत पडली ती अशी. एम.फार्म.ची पदवी एका बाजूला आणि ईश्वरीचं नाक दुसऱ्या बाजूला.

मग आशाताईंनी चौकशी केली. चौकशी हा त्यांचा हातखंडा. काकडांची दोन एकर द्राक्षबाग होती तोवर मालनबाईंना टीव्हीकडे बघायला फुरसत नव्हती. छाटणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, आणि थंडी वाढली की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या. पुढे गाव शहरात आलं, बाग गेली, तिथे रो-हाऊस उभी राहिली आणि त्यातलंच एक यांच्या वाट्याला आलं. जिथे द्राक्षांचे मांडव होते तिथे सोफा आला आणि सोफ्यासमोर भिंतभर टीव्ही. पहाटे तीनला उठायची सवय लागलेल्या बाईला उठून करायला काही उरलं नाही. इतकी वर्षं वाया गेली त्याचं उट्टं काढावं तशी ती मालिकेत शिरली.

आणि शिरली ती अशी की बाहेर येण्याचं नाव नाही. घरात दोनशे पानी वह्यांची चळत आहे. रोजच्या भागात काय घडलं ते तिच्यात लिहिलेलं असतं. वीज गेली, पाहुणे आले, कोणाचा भाग चुकला तर गल्लीतल्या बायका वही मागून नेतात. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगून वर्ष झालं. बाईचं उत्तर ठरलेलं, "ईश्वरीच्या कोर्टाचा निकाल लागू द्या, मंग डोळे." साखरपुड्याची पैठणी घ्यायला वेदिकाला येवल्याला नेलं, तर विणकरापुढे मोबाइल धरून मालिकेतल्या लग्नाचा फोटो दाखवला. हाच रंग, हाच काठ. वेदिकाला करडा रंग हवा होता. ती डाळिंबी घेऊन परत आली. आशाताईंना रागाने झोप लागली नाही.

साडीच्या दुकानाची गोष्ट तर मालनबाई स्वतःच सांगत, युद्धातलं पदक दाखवावं तशी. कॉलेज रोडला एका दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतली ईश्वरीची दुष्ट जाऊ आली होती. म्हणजे ते काम करणारी नटी. मालनबाई तीन तास रांगेत उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं सेल्फीसाठी. नंबर आला तेव्हा त्यांनी नटीचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "बाई गं, तू गोदाक्काच्या दुधात काय घालतीस ते अख्ख्या महाराष्ट्राला ठावं हाये. लाज वाटू दे थोडी." दुकानाच्या माणसाने हात सोडवला. नटी हसली म्हणे. "हसली!" असं सांगताना मालनबाईंचा आवाज अजून चढायचा. "पाप करून हसली!"

काही बायका देवाच्या नादी लागतात, काही बाबांच्या. त्यात निदान प्रसाद तरी मिळतो, असं आशाताईंना वाटे. खोट्या माणसांच्या खोट्या दुखण्यांवर खरे अश्रू ढाळणारी बाई त्यांना कीव करण्याच्याही लायकीची वाटत नव्हती. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. पण मुलगा चांगला होता, आणि वेदिका एकोणतीस वर्षांची होती. शिवाय याआधीची तीन स्थळं मोडली होती.

मोडली म्हणजे आशाताईंनी मोडली. एका घरात विजेचे दोन मीटर दिसले. म्हणजे भाऊ वेगळे होणार. एकाच्या काकाच्या तोंडाला दुपारी वास आला. तिसऱ्याची आई हसताना टाळी द्यायची. प्रत्येक वेळी आशाताईंनी स्वतः फोन केला आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य वापरलं, "आमच्या गुरुजींचं म्हणणं, पत्रिकेत थोडं आडवं येतंय." पत्रिकेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण तिचा उपयोग त्यांना कळत होता.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या दिंडोरी नाक्यावर सुनीलकडे गेल्या. सुनील त्यांचा चुलतभाऊ, फ्लेक्स छापतो. वाढदिवस, निवड झाल्याबद्दल अभिनंदन आणि श्रद्धांजली, या तीन गोष्टींवर त्याचं दुकान चालतं.

"मखमलाबादात कोण गेलं ते महापालिकेच्या आधी मला कळतं, ताई," त्याने खुर्ची पुसून पुढे सरकवली. "बोल, कोण पाहिजे?"

"काकड. यशोदाबाई काकड. आठवड्याभरातलं बघ."

"यशोदाआजी?" सुनील हसायला लागला. "परवा तर ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मला म्हणाली, तुझं पोट सुटलंय."

आशाताईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्यांना वाटलं, मग भांड्यात पडण्यासारखं झालं काय? कुंकू का नाही?

"त्यांच्याकडे काहीतरी झालंय, सुनील. घरात दिवा नाही. फोडणी नाही."

"ते होय." सुनीलने तोंड पुसलं. त्याचा चेहरा हसावं की नको अशा बेतात आला. "फ्लेक्स गेलाय काकडांकडून एक. पण तो... थांब, दाखवतोच."

त्याने कॉम्प्युटरवर बोट दाखवलं. झेंडूची महिरप. दोन बाजूंना समया. मध्ये नऊवारीतली, पांढऱ्या केसांची, करारी चेहऱ्याची बाई. वर लाल अक्षरांत "भावपूर्ण श्रद्धांजली". खाली "कै. गोदाक्का". त्याखाली "दशक्रिया विधी : रविवार". आणि अगदी तळाला "शोकाकुल : साडेआठ महिला मंडळ, मखमलाबाद".

आशाताईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. चेहरा ओळखीचा होता.

"ही... ही पापडाच्या जाहिरातीत येते ती ना?"

"तीच. मालिकेत गेल्या शुक्रवारी गेली. जिन्यावरून ढकललं तिला सुनेनं. धाकटीनं नाही, थोरलीनं."

"सुनील!"

"मी नाही बघत, ताई. बायको बघते. कानावर पडतं."

आशाताई हसल्या ते अशा हसल्या की ठसका लागला आणि सुनीलला बाटलीतलं पाणी द्यावं लागलं. सुतक! टीव्हीतल्या म्हातारीचं सुतक! रात्रभर ज्या घरात त्या मढं शोधत होत्या तिथलं मढं हे. पापड लाटणारं.

"मी सांगून पाहिलं," सुनील म्हणाला. "म्हटलं, मावशी, ही बाई जिवंत आहे. काल दुसऱ्या चॅनलवर कोथिंबिरीच्या वड्या करत होती. तर मला म्हणते कशी, 'ती बाई जित्ती हाये, मला माहितीये. मी काय येडी हाये का? गोदाक्का गेली.'"

"आणि दहा दिवस? नात्यातली असती तर गोष्ट वेगळी. ही कोण कुठली!"

"तेही विचारलं. तेव्हा जरा तापलीच. म्हणाली, 'तिचा पोरगा दुबईला. तो आला नाय, कारण त्याचं काम करणारं पोरगं दुसऱ्या मालिकेत गेलं. थोरल्या सुनेनं तिसऱ्या दिवशी हिरवी साडी नेसली. चौथ्या दिवशी त्याच घरात हळदीकुंकवाचं नाचगाणं, दुसऱ्या मालिकेतली माणसं आली नाचायला. म्हातारीच्या फोटोला हार सुद्धा जुनाच. कोणीच धरंना तिचं. मंग कोणी धरायचं?'"

"वा! म्हणून हिने धरलं. आणि नवरा?"

"रंगनाथराव आठ दिवस नाक्यावर मिसळ खातायत. घरी फोडणी बंद ना."

आशाताईंना पुन्हा हसू आलं, पण या वेळी ते पुरतं वर आलं नाही. फ्लेक्सवरची एक ओळ त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती.

"रविवारी दहावा? रविवारी साखरपुडा आहे आमचा."

"हो, ते तिने मोजलंय. पहाटे डोक्यावरून अंघोळ, सातला गच्चीवर पान ठेवायचं, थालीपीठ आणि वांग्याचं भरीत, गोदाक्काला आवडायचं ते. कावळा शिवला की सुतक फिटलं. मग देवापुढे दिवा, आणि अकराला तुमच्या हॉलवर."

"आणि कावळा नाही शिवला तर?"

सुनीलने डोकं खाजवलं. "मग अवघड आहे, ताई. ती बाई पानापुढून हलायची नाही."

परतीच्या रिक्षात आशाताईंनी मनातल्या मनात फोनची तयारी सुरू केली. तीन फोन केलेल्या बाईला चौथा जड नसतो. आज ही बाई टीव्हीतल्या म्हातारीसाठी देवाचा दिवा बंद ठेवते. उद्या वेदिकाला दिवस गेले आणि मालिकेत सुनेचं बाळ दगावलं तर? मुलीला डोहाळे यांच्या मालिकेच्या हिशेबाने लागायचे का? कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मोतीबिंदू, आणि बारसं कशासाठी थांबेल? हर्षल चांगला आहे, मान्य. पण मुलगी काही नुसत्या मुलाला देत नाहीत, घराला देतात, आणि त्या घरात सोफ्याच्या मधोमध ही बाई बसलेली आहे.

संध्याकाळी वेदिका घरी आली, तपासायच्या पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, आणि आईचा चेहरा पाहून म्हणाली, "कळलं वाटतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हर्षलने शनिवारीच सांगितलं."

"आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस! मी काल रात्रभर त्या म्हातारीला मारत होते!"

"कोणत्या म्हातारीला?" वेदिकाला हसू आवरेना. "आई, त्यांच्या घरात म्हाताऱ्या दोन आहेत. एक टीव्हीत, एक आत. यशोदाआजी रुसून दार लावून बसली होती काल. ती म्हणते, मी जिवंत असताना दुसरीचं सुतक कसलं धरता."

"हस तू. हस. मला सांग, ही बाई शुद्धीवर आहे का? तिला खोटं काय, खरं काय कळतं का?"

"कळतं. हर्षल म्हणतो, तिला सगळं कळतं. तिने विचारून केलंय."

"कोणाला विचारून?"

"घरात सगळ्यांना. तुम्ही पाळू नका म्हणाली, मी एकटी पाळते, तुम्हाला स्वयंपाक वेगळा करू का. हर्षलच्या बाबांनी म्हटलं नको, मी मिसळ खातो." वेदिकाने गठ्ठ्यातला पहिला पेपर उघडला. "आई, तू फोन करणार आहेस ना?"

आशाताईंनी टेबलावरचा गठ्ठा उगाच सरळ केला.

"कर. मी अडवणार नाही. पहिल्या तिन्ही वेळी अडवलं नाही. पण या वेळी पत्रिकेचं नाव घ्यायचं नाही. गुरुजींना मध्ये आणायचं नाही. मालनकाकूंना खरं कारण सांगायचं, त्यांच्या भाषेत, त्यांना कळेल असं. तू सांगू शकलीस तर मी मोडलं असं समजेन. नाही तर रविवारी अकराला मी ती डाळिंबी पैठणी नेसून उभी राहणार."

"करडी हवी होती ना तुला?"

"हवी होती," वेदिका म्हणाली आणि लाल पेनने पेपरावर रेघ मारली.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर आशाताई फोन घेऊन गॅलरीत बसल्या. फोन करायचा तर साडेआठच्या आत करायला हवा, नंतर ती बाई उचलायची नाही. वेळ भरपूर होता. वाक्य मात्र जमत नव्हतं.

"मालनबाई, तुम्ही टीव्हीतल्या बाईचं सुतक धरलंत, म्हणून आम्ही..." म्हणून आम्ही काय? वाक्य इथे अडत होतं. "अशा घरात मुलगी द्यायला..." कशा घरात? जिथे सगळ्यांनी टाकलेल्या म्हातारीचं कोणीतरी दहा दिवस धरतं, अशा? आशाताईंनी जीभ चावली. हे वाक्य त्यांचं नव्हतं, ते त्या बाईने त्यांच्या तोंडात घातलं होतं. मालनबाई काय उत्तर देणार तेही त्यांना ऐकू येत होतं, त्या गावरान, ठाम आवाजात, "मंग कोणी धरायचं होतं, ईनबाई?"

मूर्ख बाई. मूर्खच. यात आशाताईंना अजूनही शंका नव्हती.

पण त्या आवाजाबरोबर दुसरं काहीतरी वर आलं, जे आशाताईंनी बारा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या सासूबाई इगतपुरीला गेल्या, मार्चअखेरीला. आशाताई चौथ्या दिवशी ऑफिसात हजर झाल्या होत्या; शिकलेल्या माणसांनी सुतकाचं स्तोम माजवू नये, असं तेव्हा ऑफिसात सगळ्यांना सांगितलंही होतं. दहाव्याला त्या ऑफिसातून परस्पर घाटावर गेल्या. पान मांडलं, सगळे मागे सरकले. कावळे होते, समोरच्या पिंपळावर पाच-सहा बसले होते. एकही खाली येईना. लोक एकेक करून पुढे जाऊन बोलत होते, नातीचं लग्न करू, धाकट्याला सांभाळू. सोमनाथराव दोनदा बोलून आले, रडवेले होऊन. आणि आशाताई घड्याळ बघत होत्या, कारण दुपारी तीनला साहेबांनी फाइल मागितली होती. शेवटी त्यांनीच गुरुजींना सांगितलं, "दर्भाचा कावळा करा आणि उरका." गुरुजींनी गवताचा कावळा केला, तो पिंडाला शिववला, आणि सगळे निघाले. वळून बघू नये म्हणतात, पण आशाताईंनी वळून बघितलं होतं. ते कावळे तिथेच होते.

सासूबाई काही वाईट नव्हत्या. सांगायच्या तेव्हा नीट सांगायच्या. वेदिकाच्या वेळच्या बाळंतपणात दीड महिना इगतपुरीहून येऊन राहिल्या होत्या, रेल्वे क्वार्टरला कुलूप लावून. त्यांना काय आवडायचं? आशाताई आठवू लागल्या. थालीपीठ? नाही. कशाचं तरी लोणचं. कशाचं होतं ते आठवेना.

आणि तिकडे मखमलाबादला एक अर्धशिक्षित बाई, मालिका लिहिणाऱ्याने जिन्यावरून ढकलून दिलेल्या म्हातारीला वांग्याचं भरीत आवडतं हे लक्षात ठेवून बसली होती.

सोमनाथराव चहा घेऊन गॅलरीत आले. "केलास फोन?"

"नाही."

"मोडतेयस?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" सोमनाथरावांनी बशीत चहा ओतला. "मला वाटतं, ती बाई वेडी आहे. पण आपण मेलो तर आपलं नीट करेल."

"उगाच अभद्र बोलू नका," आशाताई म्हणाल्या. पण त्यांनी नवऱ्याकडे रागाने पाहिलं नाही.

पावणेसहाला समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर कावळे जमायला लागले. आशाताईंनी ते मोजले नाहीत, नुसते बघितले. उद्या सातला तिकडे काकडांच्या गच्चीवर पान मांडलं जाणार. मखमलाबादला आता कावळे राहिलेत कुठे? बागा गेल्या तसे तेही गेले असतील. आठ वाजतील, नऊ वाजतील. रंगनाथराव खालून हाका मारतील, यशोदाबाई दाराआडून टोमणे मारतील, हर्षल सूट घालून जिन्यात उभा राहील. आणि कोणीतरी शहाणा, शिकलेला माणूस म्हणेल, दर्भाचा कावळा करा आणि उरका, लोक हॉलवर ताटकळलेत. ती बाई मग उठेल, कारण मुलाचा साखरपुडा आहे. उठेल, अंघोळ केलेल्या ओल्या केसांनी हॉलवर येईल, वेदिकाला कुंकू लावील. आणि आयुष्यभर तिच्या मनात राहील की सुनेच्या माणसांच्या घाईपायी म्हातारीचं नीट झालं नाही.

आणि तो माणूस म्हणजे आशाताईच असतील. हॉल त्यांनीच ठरवला होता. अकराची वेळही त्यांचीच. कारण दुपारी दोनला हॉल दुसऱ्यांना द्यायचा होता.

काय बाई आहे, आशाताईंनी मनात म्हटलं. टीव्हीत कोणी मेलं तर माझ्या हॉलची वेळ बदलायची. हसायला हवं होतं. सोमवारी ऑफिसात सांगितलं तर मैत्रिणी पोट धरधरून हसतील, आणि आशाताई त्यांना सांगणारही होत्या, सगळं, मिसळीसकट.

त्यांनी फोन उघडला. काकडांचा नंबर "स्थळ मखमलाबाद" या नावाने ठेवलेला होता. त्याच्या वर-खाली "स्थळ गंगापूर रोड", "स्थळ ओझर", "स्थळ देवळाली", तिन्ही मोडलेली, तरी नंबर पुसायचे राहिलेले. नाव नंतर बदलता येईल. आधी हॉलवाल्याला विचारून घेतलं होतं, दुपारच्या लोकांचा कार्यक्रम चारला आहे, तीनपर्यंत हॉल मिळेल.

बोलायचं काय ते आता ठरलं होतं. सांत्वन वगैरे करायचं नाही, तेवढा मूर्खपणा आपल्याला जमणार नाही. एवढंच सांगायचं की मालनबाई, अकराची घाई करू नका, आम्ही साडेबारापर्यंत थांबतो. कावळा खाली उतरू दे. गवताचा करू नका. आणि पानात लोणचं वाढा, म्हाताऱ्या बायकांना लोणचं आवडतं.

घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आशाताईंनी नंबर दाबला.